एकदा पाहून ठरवू नका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषयही देऊन टाकला होता. "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." मी हो म्हटलं आणि मग विचार केला की, एआयवर गेल्या दोन वर्षांत तुम्ही इतकं ऐकलं आहे की व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याआधी सगळं येऊन गेलं असेल. म्हणून संयोजकांची माफी मागून विषय बदलते.

माझा विषय आहे कांगारू, कोआला आणि त्यांच्या भाऊबंदांच्या जननपेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात. मागच्या रांगेत हसू फुटलेलं मला दिसतंय. हसा. आपण १९९७ साली दहावी झालो तेव्हा प्रजननाचा धडा आला की वर्गात असंच हसू फुटायचं, आणि त्या काळी अनेक शाळांत तो धडा "घरी वाचून या" म्हणून संपायचा. आता आपल्याला वाचायला वेळ आहे, लाजायचं वय गेलं आहे, आणि काहींची मुलं स्वतः दहावीत आहेत. तेव्हा आज तो धडा थोडा पुढे नेऊ. शेवटी मी तुम्हाला परत कुसगावच्या भातखाचरात आणून सोडते, काळजी करू नका.

आधी हे सांगायला हवं की एका इंजिनिअर बाईचा या विषयाशी संबंध काय. अकरावीला मी जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं आणि पुढे कॉम्प्युटर इंजिनिअर झाले. गेली काही वर्षं मी ज्या गटात काम करते, तो सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोंची मोजमापं करणारी सॉफ्टवेअर बनवतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ऑस्ट्रेलियातलं एक काम आलं. तिकडच्या वन्य प्राण्यांच्या शुक्राणूंचे फोटो येणार. आम्ही प्रोग्रॅम लिहायचा. त्याने डोक्याची लांबी, शेपटीची लांबी आणि दोहोंमधला कोन मोजायचा. काम द्यायच्या आधी तिथल्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी अट घातली की, पहिले चार आठवडे कोडची एक ओळ लिहायची नाही. नुसतं पाहायचं. रोज दुपारी व्हिडिओ कॉल, आणि त्या एकेक फोटो दाखवून विचारायच्या, "यात काय दिसतं?" त्या चार आठवड्यांत जे कळलं तेच आज सांगते.

कांगारू हा पिशवीवाला प्राणी. मराठी पुस्तकांत यांना शिशुधान प्राणी म्हणतात. पिल्लू अगदी अपुरं असतानाच जन्माला येतं आणि आईच्या पोटावरच्या पिशवीत, स्तनाग्राला चिकटून वाढतं. लाल कांगारूची गर्भावस्था अवघी ३३ दिवसांची, आणि जन्मलेलं पिल्लू एक ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचं. म्हणजे आपल्या घेवड्याच्या दाण्यासारखं. जगात अशा प्राण्यांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत; बहुतेक ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत, उरलेल्या अमेरिका खंडांत. आपल्याकडे रानात एकही नाही. कारण भूगोलात आहे. भारताचा तुकडा अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी सुटून उत्तरेला निघाला. पिशवीवाले प्राणी त्यानंतर कितीतरी काळाने दक्षिण अमेरिकेतून, तेव्हा हिरव्या असलेल्या अंटार्क्टिकावरून ऑस्ट्रेलियात पोचले. ड्यूक्स नोजचा काळा कातळ ज्या लाव्हाचा झाला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला, तेव्हा भारत समुद्रात एकटाच होता. ती वाट आपल्या दारावरून गेलीच नाही.

पण एक गोष्ट इकडून तिकडे गेली: नाव. ऑस्ट्रेलियात लांब नाकाचा, जमीन उकरणारा एक पिशवीवाला प्राणी आहे, बँडिकूट. हा शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून आला, म्हणजे डुक्कर-उंदीर. आणि हा डुक्कर-उंदीर कोण? तर आपली घूस! भाताच्या बांधाला बिळं पाडून लोंब्या आत साठवणारी घूस. इंग्रजांनी ती भारतात पाहिली, नाव उचललं आणि ऑस्ट्रेलियात तसाच उकिरडे उकरणारा प्राणी दिसल्यावर त्याला तेच नाव चिकटवून टाकलं. वरून पाहिलं तर दोघं भाऊ वाटतात. नातं मात्र इतकं लांबचं की, आपण आणि घूस एकमेकांना जास्त जवळचे आहोत.

आता सूक्ष्मदर्शकाकडे येऊ. शुक्राणू म्हणजे शरीरातली सर्वांत काटकसरी पेशी. डोकं, मधला भाग आणि शेपटी. डोक्यात केंद्रक, म्हणजे बापाकडून द्यायची अर्धी गुणसूत्रं घट्ट दाबून भरलेली. त्याला लागून अ‍ॅक्रोसोम नावाची पिशवी, जिच्यातली विकरं अंडपेशीभोवतीचं आवरण पार करायला लागतात. मधल्या भागात तंतुकणिका, म्हणजे इंधनाची सोय. आणि शेपटी. शेपटीचा आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की आत बारीक नळ्या दिसतात, कडेने नऊ जोड्या आणि मधे दोन. माणसात तेच, उंदरात तेच, कांगारूत तेच. कोट्यवधी वर्षांत इंजिन बदललं नाही. बाकी मात्र सगळं बदललं.

माणसाच्या शुक्राणूत अ‍ॅक्रोसोम डोक्याच्या टोकावर टोपीसारखा बसतो. पिशवीवाल्या प्राण्यांत तो टोकावर नसतो. केंद्रकाच्या एका सपाट बाजूवर तो झाकणासारखा असतो. एवढ्याशा फरकामुळे काय होतं ते पाहा. पेशी वृषणातून बाहेर पडते तेव्हा तिचं डोकं शेपटीला आडवं असतं, टिकावासारखं. दांडा म्हणजे शेपटी आणि आडवं पातं म्हणजे डोकं. अशा अवस्थेतला फोटो कोणालाही दाखवा, तो म्हणेल ही मोडलेली पेशी आहे. मग ती वृषणाला लागून असलेल्या लांब वेटोळ्याच्या नळीतून, अधिवृषणातून, प्रवास करते. त्या प्रवासात डोकं हळूहळू फिरतं आणि शेपटीच्या रेषेत येतं. आता ती सडसडीत दिसते, पोहायला योग्य. आपण म्हणतो, झाली दुरुस्त! पण मादीच्या शरीरात अंडपेशीजवळ पोचून फलनासाठी तयार होताना ते डोकं पुन्हा आडवं होतं. वॉलबी आणि ब्रशटेल पॉसम या प्राण्यांत हे नीट अभ्यासलेलं आहे. कारण सरळ आहे. अ‍ॅक्रोसोम सपाट बाजूवर आहे, मग ती बाजू अंडपेशीला टेकवायची तर डोकं आडवंच करायला हवं.

म्हणजे तीच आडवी अवस्था सुरुवातीला कच्चेपणाची खूण असते आणि शेवटी पूर्ण तयारीची. फोटो एकसारखा, अर्थ उलटा. पेशी वाटेत कुठे उभी आहे हे माहीत नसेल तर फोटोवरून काहीच ठरत नाही. त्या बाई आम्हाला रोज विचारायच्या, "हा नमुना शरीरातल्या कुठल्या जागेचा?" आधी आम्हाला वाटायचं, फोटो समोर आहे, जागा कशाला हवी? नंतर आमच्या प्रोग्रॅममध्ये पहिला रकाना जागेचाच ठेवला.

आता दुसरी गंमत. अमेरिकेत ओपॉसम नावाचा मांजराएवढा पिशवीवाला प्राणी आहे. १८८७ साली एमिल सेलेन्का या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच्याविषयी लिहिलं की याचे शुक्राणू जोडीने पोहतात. दोन पेशी अधिवृषणात एकमेकींना डोक्याच्या सपाट बाजूंनी चिकटतात, अ‍ॅक्रोसोमला अ‍ॅक्रोसोम लावून. भजनात वाजवून झालेले टाळ एकावर एक मिटून ठेवतात ना, अगदी तसे. दोन शेपट्या आणि एक जोडडोकं. घट्ट, चिकट द्रवात अशी जोडी एकट्या पेशीपेक्षा चांगली पुढे सरकते. एकटी सुटली तर गोल गोल फिरत राहते. शिवाय मिटलेल्या टाळांच्या आत दोघींचे अ‍ॅक्रोसोम वाटेत सुरक्षित राहतात. अंडनलिकेत पोचल्यावर जोडी सुटते, आणि पुढे फलन एकच पेशी करते. माणसाच्या नमुन्यात दोन डोकी चिकटलेली दिसली तर आपण तो दोष मोजतो. ओपॉसममध्ये जोडी नसेल तर काळजी करायची!

आकाराचंही तसंच. माणसाचा शुक्राणू सुमारे ०.०६ मिलिमीटर लांब. सस्तन प्राण्यांत सर्वांत लांब शुक्राणू कोणाचा? हत्तीचा नाही, देवमाशाचा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात फुलांतला मध आणि पराग खाऊन जगणारा हनी पॉसम नावाचा प्राणी आहे, वजन जेमतेम दहा ग्रॅम. त्याचा शुक्राणू सुमारे ०.३५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या जवळजवळ सहापट. या प्राण्यांत एक मादी अनेक नरांशी जुळते, आणि शर्यत शरीराबाहेर न लागता आत लागते, असं शास्त्रज्ञ मानतात.

कोआला आणि वोंबॅट यांच्या शुक्राणूचं डोकं आकड्यासारखं वाकलेलं असतं, उंदरांच्या बऱ्याच जातींत असतं तसं. नुसता आकडा पाहून कोणी कोआलाला उंदराच्या घरात बसवलं असतं. आणि उंदरांच्या घरात काय चाललंय? आपली मोठी घूस, जिचं शास्त्रीय नावच बँडिकोटा इंडिका, तिच्यात हा आकडा नाही. अ‍ॅडलेड विद्यापीठातले विल्यम ब्रीड, ज्यांनी पिशवीवाल्या प्राण्यांच्या जननपेशींवरही बरंच काम केलं, त्यांनी आणि त्यांच्या थायलंडमधल्या सहकाऱ्यांनी या घुशीचे शुक्राणू तपासले. डोकं फुगीर, त्यावर अवाढव्य अ‍ॅक्रोसोम, शेपटी आखूड. तिच्याच जवळच्या नात्यातल्या जातींत मात्र नेहमीचा आकडा आहे. ज्या प्राण्याला आपण काठी घेऊन पळवत होतो, त्याच्या एका पेशीसाठी संशोधकांनी निबंध लिहिले आहेत हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते.

तिकडच्या नावाच्या भावाचं, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या बँडिकूटचंही ऐका. मादीत दोन एक्स गुणसूत्रं, नरात एक एक्स आणि एक वाय, हे आपण शिकलो. बँडिकूट मोठा होताना त्याच्या शरीरातल्या काही पेशी, उदाहरणार्थ रक्ताच्या, मादीत एक एक्स आणि नरात वाय टाकूनच देतात. तरी प्राणी ठणठणीत असतो. मात्र जननपेशी काहीही टाकत नाहीत. घरातल्या रोजच्या वह्या फाटल्या तरी चालतील, मूळ दस्तऐवज पेटीत नीट राहिला पाहिजे, तशातला हा प्रकार.

अंडपेशीबद्दल बोलले नाही तर अर्धाच धडा होईल. माणसाची अंडपेशी सुमारे ०.१ मिलिमीटरची, पिशवीवाल्यांची बऱ्याचदा त्याच्या दुप्पट. आपल्यात अंडपेशी बाहेर पडते तेव्हा तिच्याभोवती छोट्या पेशींचा घोळका असतो. यांच्यात ती जवळजवळ उघडीच निघते. फलनानंतर अंडनलिका आणि गर्भाशय तिच्यावर दोन आवरणं चढवतात, आधी चिकट श्लेष्मल थर आणि मग पातळ कवच. हो, कवच! अंडी घालणाऱ्या पूर्वजांची ती आठवण आहे. गर्भ बराच काळ त्या कवचात राहतो, आणि ते गळून पडल्यावरच आईच्या गर्भाशयाला खऱ्या अर्थाने लागतो.

यातलं काही कामाचं आहे की नुसती माहिती? फार कामाचं आहे. २०१९-२० च्या वणव्यांनंतर, फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशातल्या कोआलांना संकटग्रस्त घोषित केलं. शुक्राणू गोठवून ठेवावेत आणि नंतर वापरावेत हा विचार स्वाभाविक आहे. गाई-म्हशींत आपण तेच करतो. कृत्रिम रेतनाच्या कांड्या तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांनी पाहिल्या आहेत. पण कोआलाचे शुक्राणू गोठवून वितळवले की अनेकांचं केंद्रक फुगतं. कारण बांधणीत आहे. आपल्या शुक्राणूत गुणसूत्रांभोवतीची प्रथिनं गंधकाच्या बंधांनी एकमेकांना टाचलेली असतात. बहुतेक पिशवीवाल्या प्राण्यांत त्या प्रथिनांत सिस्टीन नसतं, म्हणून तो टाका पडतच नाही. गाठोडं घट्ट दाबलेलं असतं, पण गाठ मारलेली नसते. गाईची रीत कोआलाला चालत नाही ती यामुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी कांगारूच्या अंडपेशीत एकेक शुक्राणू सुईने सोडून प्रयोगशाळेत भ्रूण तयार केल्याचं जाहीर केलं. हीच पद्धत आज पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत माणसांसाठी रोज वापरतात.

आणि आता मी त्याच दवाखान्यांकडे वळते, कारण मला खरं बोलायचं आहे ते इथे.

१६७७ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूकने पहिल्यांदा शुक्राणू पाहिले. १६९४ मध्ये हार्टसूकर नावाच्या माणसाने चित्र काढलं, शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला छोटासा माणूस. त्याला वाटलं असं असावं. अख्खं मूल बापाकडूनच येतं, आईने फक्त जागा द्यायची, ही समजूत तेव्हा युरोपात जोरात होती. सस्तन प्राण्याची अंडपेशी फॉन बेअरने १८२७ मध्ये पाहिली, तब्बल १५० वर्षांनी. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. पुरुष म्हणजे बी, बाई म्हणजे जमीन. आणि पीक आलं नाही की दोष जमिनीचा.

इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी भात होतो. रोहिणीच्या पेरणीआधी आपण काय करतो? बी मिठाच्या पाण्यात टाकतो. तरंगलेलं काढून फेकतो, बुडालेलं धुऊन, सुकवून पेरतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती रुजतात ते मोजतो. बी न तपासता जमिनीला शिव्या देणाऱ्या शेतकऱ्याला मावळात कोणी शहाणा म्हणणार नाही. मग माणसांच्या बाबतीत आपली अक्कल कुठे जाते?

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दोन वर्षं माझ्या तपासण्या चालल्या. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, औषधं, उपास आणि प्रत्येक लग्नकार्यात विचारणाऱ्या बायका. माझ्या नवऱ्याची साधी तपासणी कोणी लिहून दिली नव्हती. शेवटी तो स्वतःच म्हणाला, "माझंही बघा ना." (तो इथे बसला आहे आणि त्याला विचारूनच हे सांगते आहे.) पहिला अहवाल वाईट आला. त्या रात्री घरी कोणी जेवलं नाही. पण नव्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "गेल्या दोन-तीन महिन्यांत ताप आला होता का?" आला होता, चांगला आठवडाभर. ते म्हणाले, शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आज नमुन्यात जे दिसतं ते तेव्हाच्या शरीराचं चित्र आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पुन्हा तपासलं, अहवाल बराच सुधारलेला होता. मग दोघांचेही कागद एकत्र ठेवून उपचार झाले. आमची मुलगी आता चौदा वर्षांची आहे आणि तिला जीवशास्त्र आवडतं.

प्रत्येकाची गोष्ट अशी संपत नाही, हे मला माहीत आहे. काहींना मूल होत नाही, काही दत्तक घेतात, काही दोघंच आनंदात राहतात. त्यात कमीपणा नाही. पण मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं कारण, एकटं किंवा जोडीने, असतं. आणि तरी दवाखान्याच्या बाकावर वर्षानुवर्षं एकटी बाई बसलेली असते.

अजून एक आकडा सांगते, कारण तो ऐकून अनेकांच्या मनावरचं ओझं उतरेल. शुक्राणूंचा आकार काटेकोरपणे तपासतात तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतली खालची मर्यादा किती आहे? शंभरात चार! म्हणजे शंभरातले शहाण्णव आकारात वेडेवाकडे असले तरी तो पुरुष बाप झालेल्यांच्या रांगेत बसतो. अहवालात "९० टक्के सदोष" असं वाचून ज्यांचे हातपाय गळाले, त्यांनी डॉक्टरांना नीट विचारावं. एक कागद म्हणजे निकाल नव्हे.

आपल्याला दूर जायलाही नको. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. तेव्हा आपण बालवाडीत होतो. लोणावळ्याहून गाडीत बसून दादरला उतरलं की तिथून ते हाकेच्या अंतरावर. चाळीस वर्षं होत आली. विज्ञान कधीच घराजवळ आलं आहे, आपलं बोलणं मात्र अजून त्या बंद धड्यातच आहे.

आता दोन मागण्या, आणि मी बसते.

पहिली तुमच्याकडे. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत एखादं जोडपं या फेऱ्यात असेल, तर दोघांची तपासणी एकाच दिवशी सुरू होऊ द्या. पुरुषाची तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त असते, ती आधी होऊ द्या. सासूबाईंना हे सांगायचं काम आपल्या पिढीच्या मुलांनी करावं, सुनांवर टाकू नये. मित्रहो, हे तुम्हालाच सांगते आहे.

दुसरी मागणी समितीकडे. आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवला आहे आणि त्यातून प्रवेशद्वाराला कमान करावी असं ठरतं आहे. कमान चांगलीच दिसेल, आपली नावंही तिच्यावर येतील. पण त्याच पैशांत चांगले चार-पाच सूक्ष्मदर्शक येतील. कांद्याचा पापुद्रा, जास्वंदीचे परागकण, खाचरातल्या पाण्याचा एक थेंब, एवढ्यावर वर्षभर शिकवता येतं. मुलामुलींना एकत्र बसवून, न हसता, न लाजता तो धडाही शिकवता येईल. सर, बाई, तुम्ही हो म्हणालात तर दर महिन्याच्या एका शनिवारी मी स्वतः येईन आणि माझ्याकडचे फोटो घेऊन येईन. त्यातली आडवी पेशी मुलांना दाखवून मी एकच विचारणार आहे: "ही मोडलेली आहे की तयार आहे?" उत्तर द्यायच्या आधी ती वाटेत कुठे आहे असं जे मूल उलट विचारेल, ते शिकलं असं मी समजेन.

आपल्यापैकी कित्येकांना दहावीच्या एका गुणपत्रिकेवरून कोणी ना कोणी "मोडलेला" म्हटलं होतं. त्यातला एक आज याच हायवेलगत स्वतःचं गॅरेज चालवतो, एकीने दोन शेतं आणि दोन मुलं एकटीने सांभाळली, आणि एकाच्या हातचं जेवण आज आपण सगळे जेवणार आहोत. त्याने मघाशी खूण केली आहे की भात गार होतोय. तेव्हा प्रश्न असतील तर पंगतीत विचारा. लॅपटॉप मी बरोबर आणला आहे, ज्यांना ते जोडीने पोहणारे शुक्राणू पाहायचे आहेत त्यांनी हात धुऊन माझ्या टेबलाशी यावं.